पृथ्वीच्या पोटात बघितलंय कुणी?

शाळेत भूगोलाच्या पेपरात पृथ्वीच्या अंतरंगाची आकृती काढलीय ना? कांद्यासारखे गोल, पट्टीने ओढलेल्या रेघा आणि नावं : भूकवच, प्रावरण, बाह्य गाभा, अंतर्गाभा. मार्क फिक्स! पण हे बघितलं कुणी, असं आपण सरांना कधी विचारलंच नाही.

उत्तर आहे, कुणीच नाही! जमिनीपासून पृथ्वीचं केंद्र सुमारे 6371 किलोमीटर खोल. रशियात कोला इथे 1970 पासून खणत खणत शास्त्रज्ञ 12,262 मीटरपर्यंत पोहोचले. तिथे तापमान निघालं 180 अंश! पुढे ड्रिलिंग जमेना. एवढं करून साधं भूकवचही पार झालं नाही.

मग कळलं कसं? भूकंपामुळे! भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या आरपार जातात. त्यातल्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. मोठ्या भूकंपानंतर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला त्या थेट पोहोचतच नाहीत. म्हणजे मध्ये काहीतरी वितळलेलं आहे.

अख्खा गाभाच द्रव असावा, असा तेव्हा समज होता. पण 1929 मध्ये न्यूझीलंडला भूकंप झाला आणि प्राथमिक लहरी नको तिथे उमटल्या. वाकून आल्या असतील, असं बाकीचे म्हणत. डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांना ते पटेना. कॉम्प्युटर नव्हताच. ओट्सच्या रिकाम्या खोक्यांत नोंदींची कार्डं लावून त्या हिशोब करत बसल्या. 1936 मध्ये त्यांनी मांडलं, आत अजून एक गाभा आहे. तो घन असल्याचं पुढे सिद्ध झालं. आपल्या आकृतीतला सगळ्यात आतला गोल तो हाच.

हे ऐकणं आपल्याकडेही चालू आहे. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेत 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे 180 माणसं गेली. पाटणकडचा कुणी रूममेट असेल तर विचारा, छोटे धक्के तिथे नवे नाहीत. ते का बसतात, हे समजून घ्यायला शास्त्रज्ञांनी तिथे 3 किलोमीटर खोल बोअर घेतलं. साधारण सव्वा किलोमीटरवर आपला काळा बेसॉल्ट संपला आणि ग्रॅनाइट लागला. तिथल्या बोअरमध्ये भूकंपमापकही बसवलेत.

भूकंप कधी होणार, हे आजही कुणी सांगू शकत नाही. पण ‘काहीतरी गडबड असेल’ म्हणून सोडून दिलेल्या नोंदीतच उत्तर असू शकतं, हे लेहमनबाईंनी दाखवून दिलंय. पुढच्या वेळी प्रॅक्टिकलला रीडिंग चुकीचं आलं, तर खोडायच्या आधी एकदा नीट बघा!