जुन्या मारुतीचा गिअरबॉक्स : सेकंड हँड भाग घेताना काय पाहावे?

ठाण्याहून निघालेला घोडबंदर रस्ता गायमुखचा घाट ओलांडून वरसावे येथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. पुढे लगेच वसईच्या खाडीवरील पूल. २०२३ मध्ये येथे नवा पूल खुला झाला. तरीही नाक्यावर कंटेनर आणि ट्रकची रांग लागली की छोट्या गाडीला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच इंचाइंचाने सरकावे लागते. नव्या गाडीला हे सोसते. वीस-बावीस वर्षे वापरलेल्या मारुती ८०० ची मात्र अशा ठिकाणी खरी परीक्षा असते. दुसरा गिअर टाकताना 'खर्रर्र' आवाज येऊ लागतो, चढावर गिअर आपोआप निसटतो आणि एके दिवशी मेकॅनिक सांगतो, "गिअरबॉक्स गेला, दुसरा बघावा लागेल."

हा 'दुसरा' कुठला, यावर पुढचा सगळा खर्च अवलंबून असतो. 'मारुतीचा गिअरबॉक्स' एवढ्याच वर्णनावर घेतलेला भाग गाडीला बसेलच असे नाही. तो न बसल्यास उतरवण्या-चढवण्याची मजुरी दुप्पट होते, शिवाय गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये अडकून पडते.

एक नाव, अनेक गाड्या

मारुती ८०० ची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीस वर्षांत देशात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. पण या तीस वर्षांत गाडी एकच राहिली नाही. १९८६ मध्ये तिचा सांगाडा बदलला. २००० च्या सुमारास प्रत्येक सिलिंडरला चार झडपा असलेले इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स असलेली आवृत्ती आली; त्याच वेळी चार गिअरची गाडीही विकली जात होती. त्यामुळे नोंदणीचे वर्ष सांगितल्याने गिअरबॉक्स कोणता ते निश्चित होत नाही. २००२ ची एक गाडी चार गिअरची, तर शेजाऱ्याची त्याच वर्षाची पाच गिअरची असू शकते.

घोटाळ्याचे दुसरे कारण म्हणजे ७९६ सीसीचे इंजिन. ८००, ओम्नी आणि अल्टो या तिन्ही गाड्यांत ही क्षमता आढळते. पण ओम्नीची मागची चाके ओढतात. तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे लांबीत बसतो आणि लांब दांड्याने मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले असून पुढची चाके ओढतात. येथे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच आवरणात असतात. म्हणून ओम्नीचा गिअरबॉक्स कितीही स्वस्त मिळाला तरी ८०० मालकाच्या उपयोगाचा नाही. अल्टोची मांडणी ८०० सारखीच असल्याने तिचा भाग जवळचा वाटतो. पण माउंटिंगच्या जागा, दांड्यांची जोडणी आणि दात्यांची संख्या जुळल्याखेरीज तो घेऊ नये.

आधी निदान, मग बाजार

गिअरबॉक्स शोधायला निघण्यापूर्वी दोष खरोखर त्यातच आहे का, याची खातरजमा करणे आवश्यक आहे. त्यासाठी काही साध्या चाचण्या आहेत.

इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात आणि सुरू असताना एकही नीट पडत नाही, असे असेल तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. केबल ताणणे किंवा बदलणे पुरेसे ठरू शकते. गिअरचा दांडा सैल हलत असेल आणि गिअर सापडत नसेल, तर गाडीखालच्या जोडदांड्यांचे बुश झिजलेले असतात. वळणावर 'कट्-कट्' असा आवाज येत असेल तर दोष चाकांकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यात असतो.

गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये आणि क्लचवरून पाय काढलेला असताना गुरगुर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग खराब आहे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर रिलीज बेअरिंग. एकाच गिअरला खरखर येते तेव्हा त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असते. ही पितळी कडी दोन चक्रांचा वेग जुळवून देते. रहदारीत पहिला-दुसरा गिअर सतत बदलावा लागतो, त्यामुळे या दोन गिअरच्या कड्या सर्वांत आधी झिजतात. सगळ्याच गिअरमध्ये वेगाबरोबर वाढणारी शिट्टीसारखी घरघर असेल, तर बेअरिंग किंवा डिफरन्शियलचे मोठे चक्र तपासावे लागते.

पहिल्या तीन प्रकारांत गिअरबॉक्स बदलणे म्हणजे पाण्यात पैसे घालणे होय.

बाजारात जाताना

मुंबईत नव्या सुट्या भागांसाठी ऑपेरा हाउस परिसरातील दुकाने आणि जुन्या भागांसाठी कुर्ल्याचा बाजार वर्षानुवर्षे परिचित आहे. वरसावे, काशिमीरा, भाईंदर येथील गॅरेजवालेही बहुतेक वेळा तिथूनच माल आणतात. मेकॅनिकवर सोपवण्यास हरकत नाही. पण शक्य असल्यास त्याच्यासोबत स्वतः जावे आणि जुना भाग बरोबर न्यावा.

निदान जुनी क्लच प्लेट तरी पिशवीत असावी. दुकानातील गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर ती बसवून पाहावी. खाचांवरून ती विनासायास सरकली पाहिजे. मात्र फिरवण्याच्या दिशेने हिंदकळता कामा नये. सरकत नसेल तर खाचांची संख्या वेगळी आहे. हिंदकळत असेल तर शाफ्ट झिजला आहे. आतले सुटे चक्र घ्यायचे असल्यास जुन्या आणि नव्या चक्राचे दाते मोजावेत. मारुतीच्या मूळ भागांचा क्रमांक दोन गटांत असतो. पहिला गट भागाचा प्रकार सांगतो, दुसरा गट मॉडेल. पहिला गट जुळला म्हणून काम झाले असे समजू नये.

डिफरन्शियलचे प्रमाण जुळते का, हेही दुकानातच पाहता येते. गिअरबॉक्स चौथ्या गिअरमध्ये टाकावा. चाकांकडे जाणाऱ्या दोन तोंडांपैकी एक घट्ट धरून ठेवावे, दुसऱ्यावर खडूने खूण करावी आणि इनपुट शाफ्ट हाताने फिरवावा. खुणेचे तोंड बरोबर दोन फेरे घेईपर्यंत शाफ्टचे जितके फेरे होतील, तेच त्या गिअरमधले एकूण प्रमाण. हाच प्रयोग आपल्या उतरवलेल्या गिअरबॉक्सवरही करावा, अर्थात तो फिरत असल्यास. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर गाडी चढावर अशक्त वाटेल किंवा महामार्गावर इंजिन विनाकारण ओरडेल.

आतली स्थिती ओळखण्यासाठी तेल हा उत्तम साक्षीदार आहे. थोडे तेल बोटांत चोळून उन्हात पाहावे. सोनेरी चमक म्हणजे सिंक्रो कड्या झिजत आहेत. पोलादी कण किंवा पापुद्रे म्हणजे चक्रे वा बेअरिंग. तेल दुधट दिसले तर आत पाणी गेले आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबई आणि उपनगरांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतरही पावसाळ्यात अशी पाळी अनेकांवर आली. गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी छिद्र असते, त्यातून पाणी शिरते आणि बेअरिंगला गंज चढतो. बाहेरून धुऊन-पुसून चकचकीत केलेला गिअरबॉक्स म्हणूनच अधिक संशयाने पाहावा. माउंटिंगच्या कानांना तडा किंवा वेल्डिंगची खूण असेल, तर तो कितीही स्वस्त असला तरी नाकारावा.

काय जुने, काय नवे

आवरण, शाफ्ट, चक्रे, काटे आणि डिफरन्शियल हे भाग सेकंड हँड घेता येतात. मात्र एकमेकांत फिरणारी चक्रे जोडीनेच घ्यावीत. वर्षानुवर्षे एकत्र झिजलेल्या दात्यांपैकी एकच बदलला, तर नव्या-जुन्याचे जुळत नाही आणि आवाज सुरू होतो. ऑइल सील, बेअरिंग, सिंक्रो कड्या, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, केबल आणि रबरी बुश नवेच घालावेत. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यायची आहे. त्याच वेळी हे लहान भाग बदलले नाहीत, तर सहा महिन्यांनी एका सीलसाठी पुन्हा सगळे खोलावे लागते. तेल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच भरावे. 'अधिक चांगले' म्हणून जीएल-४ ऐवजी जीएल-५ तेल भरण्याचा सल्ला काही जण देतात. त्यातील काही तेलांची रसायने पितळी कड्यांना मारक ठरतात.

पावती का हवी?

नोंदणी प्रमाणपत्रावर चॅसी आणि इंजिनाचा क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे चोरीच्या गाडीचा गिअरबॉक्स ओळखणे अवघड असते, आणि म्हणूनच तो बाजारात सहज फिरतो. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणे, हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. दुकानाचे नाव, तारीख, भागाचे वर्णन आणि रक्कम असलेली पावती ही ग्राहकाची ढाल आहे. गाडीवर बसवून चालवून पाहिल्यावर भाग सदोष निघाल्यास किती दिवसांत बदलून मिळेल, तेही त्याच पावतीवर लिहून घ्यावे. विक्रेता पावती द्यायला तयार नसेल तर तिथून निघावे.

हिशेब करूनच निर्णय

भारत स्टेज-४ चे निकष लागू झाल्याने एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूरसह १३ शहरांत ८०० ची विक्री थांबली. म्हणजे मुंबईत नवी म्हणून घेतलेली शेवटची गाडीही २०२५ मध्ये पंधरा वर्षांची झाली. पंधरा वर्षांनंतर योग्यता तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवावी लागते. तिचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. शिवाय पर्यावरण कर वेगळाच.

गिअरबॉक्सवर खर्च करण्यापूर्वी नोंदणीची मुदत किती उरली आहे, हे म्हणूनच पाहिले पाहिजे. सांगाड्याचा पत्रा कुजला असेल आणि नूतनीकरण तोंडावर असेल, तर अधिकृत स्क्रॅपिंग केंद्राचा विचार करणे शहाणपणाचे. पण इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत आणि हातात अजून चार वर्षे असतील, तर योग्य गिअरबॉक्स शोधण्यासाठी घातलेला एक रविवार नव्या गाडीचे हप्ते लांबणीवर टाकू शकतो. मध्यमवर्गीय घराला ही बचत लहान नाही. त्या रविवारी घराबाहेर पडताना जुनी क्लच प्लेट, भागाचा क्रमांक आणि खडू बरोबर घ्यायला विसरू नये.