लग्नाच्या कॅसेटी संगणकावर आणताना

आमच्या वरूडकडे अजूनही कित्येक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर लग्नाची व्हीएचएस कॅसेट सापडते. घरच्यांना तिच्यात नवरा-नवरी पाहायची असतात. माझे लक्ष असते हळदीची गाणी म्हणणाऱ्या बायकांकडे. त्यांतल्या बऱ्याच जणी आज हयात नाहीत.

कॅसेट टिकली तरी ती वाचणारे यंत्र हवे. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस बाजारात आणले. फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले आणि नवे यंत्र मिळणे संपले. म्हणून हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

व्हीसीआरमध्ये फीत सेकंदाला अडीच सेंटिमीटरही सरकत नाही, पण तिरका बसवलेला ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो. त्यावरची दोन हेडे प्रत्येक फेऱ्यात एकेक तिरका पट्टा वाचतात. एका पट्ट्यात अर्धे चित्र, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रे. फीत ताणली गेली असेल तर हा ठेका चुकतो. जुना टीव्ही तो सांभाळून घेई. स्वस्त कॅप्चर उपकरण मात्र गोंधळून मधली चित्रे गाळते. मग ओठ पुढे आणि आवाज मागे. यावर उपाय टाइम बेस करेक्टर. तो चित्राच्या ओळी क्षणभर साठवून नेमक्या वेळी पुढे सोडतो. काही एस-व्हीएचएस यंत्रांत तो आतच असतो.

सुरुवातीला मी एक चूक केली. खिडकीतून पांढरी बुरशी दिसत असूनही कॅसेट लावली. बुरशी हेडावर बसली, फीत गुंतली आणि गाण्यांची काही मिनिटे कायमची गेली. तेव्हा बुरशी असेल तर कॅसेट लावू नका. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. चांगली कॅसेट एकदा शेवटपर्यंत नेऊन परत गुंडाळा. कडेची प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरे रेकॉर्डिंग होणार नाही.

तासाच्या कॅसेटीला तासच लागतो. घाई चालत नाही. डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. ही मूळ फाईल तशीच ठेवा, मोबाईलसाठी वेगळी छोटी करा. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. कॅसेटही फेकू नका.

फाईलला गाव आणि साल लिहाच, पण ती घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवाही. माझ्या हातून तुटलेल्या त्या कॅसेटीत एका आजींनी आपल्या आईला ओळखले. गाणे जिथे तुटले होते, तिथून पुढच्या ओळी त्यांनीच म्हणून दाखवल्या. त्या मी वेगळ्या फाईलमध्ये जपल्या आहेत.