गवताळ रानांची निगा व दुष्काळनिवारण



दर दुष्काळांत ही समिति आपल्या दारीं कडब्यासाठीं येते व आपण सढळ हातानें देतां. परंतु आपणांपैकीं कित्येकांनीं आम्हांस असें विचारलें आहे कीं, “पाऊस पडला म्हणजे छावणी उठते, पुढें पाऊस चुकला कीं पुन्हां तीच छावणी आणि तीच वर्गणी. ह्या खर्चास कोठें शेवट आहे कीं नाहीं?” प्रश्न रास्त आहे, हिशेबी माणसास तो सुचावा हेंच योग्य. त्याचें उत्तर देण्याकरितां आम्ही येथें एका दूरदेशच्या गवताळ रानाची हकीकत सांगणार आहों. त्या रानांतील गवताचा जमाखर्च शंभरांहून अधिक वर्षें लिहून ठेवलेला आहे, आणि इतका लांब हिशेब जगांत फारच थोड्या ठिकाणीं सांपडतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत न्यू मेक्सिको म्हणून एक प्रांत आहे. त्याच्या दक्षिण भागीं, लास क्रूसेस शहराजवळ, एक विस्तीर्ण मैदान पसरलेलें आहे. स्पॅनिश लोकांनीं त्यास ‘होर्नादा देल मुएर्तो’, म्हणजे ‘मृताची मजल’, असें नांव दिलें. कारण सुमारें ९० मैलांच्या त्या वाटेवर प्रवाशास पाण्याचा आधार जवळजवळ मिळत नसे. तेथें वर्षाचा सरासरी पाऊस सुमारें २४५ मिलिमीटर, म्हणजे दहा इंचांच्याही आंतच, पडतो. व त्यांतील अर्ध्याहून अधिक जुलै ते सप्टेंबर ह्या तीन महिन्यांत येतो. १९१२ सालीं अध्यक्ष टॅफ्ट यांच्या हुकुमानें ह्या मैदानांतील जमीन गुरचराईच्या प्रयोगांसाठीं राखून ठेवण्यांत आली. तें क्षेत्र सुमारें १,९३,००० एकर आहे.

१९१५ पासून तेथील संशोधकांनीं एक मीटर लांब व एक मीटर रुंद असे चौकोन रानांत कायमचे आंखण्यास आरंभ केला. अशा शंभरांवर चौकोनांत गवताचा प्रत्येक ठोंब कोठें आहे, केवढा आहे व मागील पाहणीपासून वाढला कीं मेला, हें वेळोवेळीं नकाशावर उतरवून घेण्यांत आलें. ज्यांनीं पहिले चौकोन आंखले ते कधींच निवर्तले. परंतु बापानें घातलेलें खातें नातवानें पुढें चालवावें, तशी ती वही मागून आलेल्यांनीं चालविली. १९८२ सालीं ह्या रानाचा दीर्घकालीन संशोधनाच्या राष्ट्रीय योजनेंतही समावेश झाला.

ह्या वहीहूनही जुना एक कागद तेथें उपयोगी पडला. १८५८ सालीं सरकारी मोजणीदारांनीं जमीन मोजतांना कोठें कसें गवत आहे याची टिपणें केलीं होतीं. तीं १९६३ च्या पाहणीशीं ताडून पाहतां असें दिसून आलें कीं, १८५८ मध्यें पाहणीखालील जमिनीच्या नऊ-दशांशांहून अधिक भागावर चांगलें गवत होतें. १९६३ मध्यें तें एक-चतुर्थांशाहूनही कमी भागावर उरलें. बाकीच्या जमिनीवर मेस्कीट व क्रिओसोट ह्या झुडुपांचा अंमल बसला, आणि मेस्कीटच्या बुडाशीं वाऱ्यानें वाळूचे ढिगारे रचले.

असें कां झालें? एकाच कारणावर बोट ठेवतां येत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या मुलखांत गुरांची संख्या बेसुमार वाढली, आणि तशांत अवर्षणें आलीं. तेथील मुख्य गवत काळें ग्रामा हें होय. तें बियांपासून क्वचितच रुजतें; आपल्या हरळीप्रमाणें जमिनीवर फांटे सोडून तें पसरतें. म्हणून मूळ ठोंबच मेला, तर पुढें पाऊस चांगला पडूनही गवत परत येण्यास आधार राहत नाहीं. उलट मेस्कीटच्या गोड शेंगा गुरें आवडीनें खातात, आणि न पचलेलें बीं शेणावाटे रानभर पेरलें जातें. त्याचीं मुळें खोल जात असल्यामुळें, वरची माती कोरडी पडली तरी त्यास ओल मिळते.

यापुढील गोष्ट अधिक ध्यानांत घेण्यासारखी आहे. गवताची चादर एकदां फाटली म्हणजे मधल्या उघड्या जागा एकमेकींस मिळतात. पावसाचें पाणी तेथें न मुरतां वाहून जातें, वारा माती उचलतो, आणि सर्व कस झुडुपांच्या बुडाशीं गोळा होतो. त्यामुळें झुडूप बळावतें व मधली जमीन आणखी उजाड होते. १९९० सालीं विल्यम श्लेसिंगर व त्यांचे सहकारी यांनीं हें चक्र स्पष्ट करून मांडलें. ऱ्हास आपणच आपल्यास पोसूं लागतो, असा त्याचा आशय आहे. १९३५ ते १९८० ह्या काळांतील मोजणीवरून तर असें ठरलें कीं, गुरांस मज्जाव केलेल्या कुंपणाच्या आंतसुद्धां काळें ग्रामा नाहींसें झालें. वेळ टळून गेल्यावर नुसत्या कुंपणानें कार्य साधलें नाहीं.

व्यापारी मंडळीस हें सांगावयास नको कीं, व्याजावर निर्वाह करणारा माणूस एखादें साल वाईट गेलें तरी तगतो. पण मुद्दलास हात घातला म्हणजे चांगलें सालही त्याला सांवरूं शकत नाहीं. रानांत गवताचा ठोंब हें मुद्दल आणि वरचें पातें हें व्याज होय. गुरांनीं पातें खावें, ठोंब खाऊं नये, एवढाच ह्या शास्त्राचा सारांश. ही गोष्ट एक-दोन वर्षांच्या पाहणींत दिसत नाहीं. कारण एका ओल्या सालांत उजाड रानही हिरवें दिसतें. त्या हिरवळींत ठोंब किती आणि चार दिवसांचें तण किती, हें वहीच सांगते.

तेथील अभ्यासकांनीं केवळ रोगाचें निदान केलें असें नाहीं. १९१९ सालीं फोर्स्लिंग यांनीं, घायपातासारख्या दिसणाऱ्या सोपवीड ह्या रानवनस्पतीचे तुकडे करून टंचाईंत गुरांस कसे घालावे, याची माहिती प्रसिद्ध केली. १९२२ सालीं जार्डिन व फोर्स्लिंग यांनीं अवर्षणांतील गुरांच्या व्यवस्थेविषयीं पत्रिका काढली. पैदाशीचीं गुरें वाईट सालांतही पोसतां येतील इतकींच बाळगावीं, कांहीं रान कोरड्या दिवसांसाठीं राखून ठेवावें, व टंचाईचीं चिन्हें दिसतांच रानावरील भार हलका करावा, असा तिचा रोख आहे. अलीकडे तेथें झुडुपांमधील उघड्या जागांत जाळीचे लहान अडसर ठेवून वाहती माती व बीं अडविण्याचे प्रयोगही झाले आहेत. परंतु गेलेलें गवत परत आणणें हें असलेलें राखण्यापेक्षां फार दुर्घट आहे, हें त्यांवरूनही कळून येतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. मेस्कीट हें आपणांस परकें नाहीं. आपल्या माळांवर व ओढ्याकांठीं माजलेली वेडी बाभूळ ही त्याच्याच कुळांतली. कच्छांतील बन्नी ह्या प्रसिद्ध गवताळ प्रदेशांत, रणाचें खारेपण पुढें सरकूं नये ह्या सद्हेतूनें, १९६० च्या सुमारास ती लावण्यांत आली. पुढें तिनेंच तेथील मालधाऱ्यांचें चराऊ रान मोठ्या प्रमाणावर व्यापलें. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यांतही माळ अति चरला गेला म्हणजे पवना व मारवेल यांसारखीं कसदार गवतें मागें पडतात आणि कुसळीचा जोर होतो, हें जाणत्या गुराख्यास ठाऊक आहे.

होर्नादाचे नियम जसेच्या तसे येथें लागू पडतील असें आमचें म्हणणें नाहीं. आमच्याकडे पाऊस त्याहून पुष्कळ अधिक, जमीन निराळी, गवतें निराळीं. तेथें मोठ्या रानाचा धनी गुरें वेळींच विकूं शकतो. आमच्या शेतकऱ्याचा बैल म्हणजे पुढल्या पेरणीचा हात, आणि दुष्काळांत त्याला बाजारीं मातीमोल किंमत येते. मेंढपाळ व गुराखी यांस दोष देण्याचाही आमचा हेतु नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या रान बदलीत फिरणाऱ्या धनगरांस रानाच्या विसाव्याचें मोल आम्ही शिकवावें असें नाहीं. चराऊ रानें आटत गेलीं आणि उरलेल्यांवर सर्वांचा भार पडला, हें खरें दुखणें आहे. १९७२ च्या दुष्काळांत व पुन्हां २०१३ सालीं महाराष्ट्रानें गुरांच्या चाऱ्याची जी ओढाताण पाहिली, तिचें एक मूळ पावसांत होतें तसें दुसरें ह्या झिजलेल्या माळांत होतें.

म्हणून प्रारंभींच्या प्रश्नास आमचें उत्तर असें: छावणी ही जीव वांचविण्यासाठीं आहे व ती संकटकाळीं उघडावीच लागेल. परंतु केवळ छावणीवर वेंचलेला पैसा रानाचें मुद्दल भरून काढीत नाहीं. याकरितां आपणांस आमच्या तीन विनंत्या आहेत.

जमीनदार बंधूंनीं आपल्या कुरणाचा कांहीं भाग आळीपाळीनें, पाऊस लागल्यापासून गवत पिकून बीं झडेपर्यंत, गुरांस बंद ठेवावा व मग कापून त्याची गंज रचावी. व्यापारी मंडळीनें आपली वर्गणी दुष्काळाची वाट न पाहतां सुकाळांतच द्यावी. त्या वेळीं चारा स्वस्त असतो आणि सांठा करतां येतो. आणि सर्व दात्यांनीं आपल्या देणगीचा थोडा अंश अशा कामास लावूं द्यावा कीं, ज्याचें फळ पुढल्या वर्षीं दिसणार नाहीं: निवडक माळांवर कायमचे चौकोन आंखून त्यांतील गवताची दरसाल मोजणी करणें. त्या वहीचें पहिलें पान कोरें असेल, व दहा वर्षें तिच्यांतून फारसें कांहीं निघणारही नाहीं. परंतु ती आज उघडली नाहीं, तर आपल्या नातवांच्या दारीं येणारी समितिही कडब्याच्या गंजीखेरीज दुसरें कांहीं मागूं शकणार नाहीं.

पाऊस आपल्या हातीं नाहीं. पडलेल्या पावसास धरून ठेवणारें गवत मात्र पुष्कळसें आपल्या हातीं आहे. तें राखण्याच्या कामीं आपला आश्रय पूर्ववत् असावा, ही विनंति.