चष्म्यावर टूथपेस्ट घासण्याआधी हे वाचा

कल्याण : चष्म्याच्या काचेवर टूथपेस्ट घासा, चरे गायब, असे व्हिडिओ मोबाईलवर सारखे फिरत असतात. मुरबाड-शहापूरकडे धुळीच्या रस्त्याने रोज दुचाकी चालवणाऱ्याला मोह होतोच. नवीन काच टाकायची तर कल्याण नाहीतर ठाणे गाठा, दिवस मोडतो.

पण टूथपेस्ट चरा भरत नाही. तिच्यात खडूसारखी बारीक भुकटी असते. ती चऱ्याच्या आजूबाजूचे प्लास्टिक झिजवते. खड्डा बुजवायला माती न आणता सगळे शेतच तासून खाली आणावे, तसला हा प्रकार.

जुन्या एचएमटी घड्याळाला हे चालते. त्याची काच ॲक्रिलिकची, आरपार एकाच प्लास्टिकची, वर वेगळा थर नाही. साधी पांढरी टूथपेस्ट मऊ सुती कापडावर घ्यायची, हलक्या हाताने गोल गोल दोन-तीन मिनिटे घासायचे, मग ओलसर कापडाने पुसायचे. घड्याळ नळाखाली धरू नये. नख अडकेल इतका खोल चरा मात्र जात नाही.

चष्म्याचे तसे नाही. प्लास्टिकच्या काचा बहुतेक सीआर-३९ नावाच्या प्लास्टिकच्या असतात (हे १९४० मध्ये अमेरिकेत निघाले), नाहीतर पॉलिकार्बोनेटच्या. दोन्हीवर सहज चरे पडतात, म्हणून वर कडक कोटिंग देतात. ते केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतकेही नसते. टूथपेस्ट, खायचा सोडा किंवा राखेने घासले की आधी तेच निघते. मग एका चऱ्याच्या जागी मोठा धूसर डाग पडतो, आणि तो नेमका नजरेसमोर असतो.

हेल्मेटच्या काचेत तर जिवाशी खेळ आहे. रात्री माळशेजच्या रस्त्याला समोरून ट्रक आला की घासलेल्या काचेवर उजेड पसरतो आणि पुढचा खड्डा, माणूस, बैल काहीच दिसत नाही. काही जण नेलपेंट काढायचे औषध किंवा पेट्रोल लावतात. त्यातल्या ॲसिटोनने पॉलिकार्बोनेट पांढरे पडते, तडकते. पेट्रोलही त्याला चालत नाही. बऱ्याच हेल्मेटची काच सुटी मिळते, ती बदलावी.

गाडीच्या पिवळ्या पडलेल्या हेडलाईटला टूथपेस्टने थोडे दिवस उजळपणा येतो, पण उन्हापासून वाचवणारा थर गेल्याने ती पुन्हा पिवळी पडते.

मुळात चरे पडतात ते कोरडे पुसल्याने. धुळीत वाळूचे कण असतात आणि आपण शर्टाचे टोक नाहीतर पदर घेऊन तेच काचेवर रगडतो. आधी साध्या पाण्याने धूळ वाहू द्यावी, भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब बोटाने लावावा, धुवून मऊ कापडाने टिपावे. गरम पाणी नको. उन्हात उभ्या गाडीत चष्मा ठेवू नये, उष्णतेने कोटिंगला बारीक तडे जातात.

चरे फारच झाले असतील आणि फ्रेम धड असेल, तर दुकानात फक्त काचा बदलून मागाव्यात. जाताना नंबरचा जुना कागद सोबत न्यावा. तपासणीला वर्ष-दोन वर्षे झाली असतील तर आधी नंबर तपासून घ्यावा.