काटा खरे बोलतो का?

पनवेलच्या कित्येक घरांतून कोणी ना कोणी तळोज्याला, रसायनीला किंवा पाताळगंगेला पाळीवर जाते. तेथे ही माणसे आठ आठ तास ज्याच्याकडे डोळे लावून बसतात, ती वस्तू आम्हां कलाशाखेच्या मंडळींना फारशी ठाऊक नसते. ती म्हणजे दाबाचे व तापमानाचे मापक. कामगारांच्या बोलीत 'गेज'.

उदाहरण जवळचेच घेऊ. खोपोलीचे टाटांचे जलविद्युतकेंद्र १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरचे पाणी तेथे नळांतून सुमारे ५२५ मीटर खाली येते. दहा मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ढोबळमानाने एक किलो; तेव्हा पायथ्याशी तो पन्नास किलोंच्या वर गेला. (हेच पाणी पुढे पाताळगंगेत जाते आणि रसायनीचे कारखाने त्यावरच उभे राहिले, हे ओघाने सांगून ठेवतो.)

एवढा दाब मोजायचा कसा? युजीन बूर्दाँ या फ्रेंच घड्याळजीने १८४९ साली काढलेली युक्ती आजही चालते. चपटी, कमानीसारखी वाकवलेली, एका टोकाला बंद अशी धातूची नळी घ्यायची. आत दाब शिरला की ती सरळ होऊ पाहते. जत्रेतली गुंडाळलेली कागदी पिपाणी फुंकल्यावर उलगडते ना, तशी. टोकाची ती इवलीशी हालचाल दातेरी चाकांनी वाढवून काट्याला दिली, की झाले गेज.

आता खरी मेख. गेजवर 'एक टक्का अचूकता' लिहिलेले असते. पण टक्का कशाचा? बहुधा समोर दिसणाऱ्या आकड्याचा नव्हे, तर तबकडीवरील सर्वांत मोठ्या आकड्याचा! शंभर किलोंच्या गेजमध्ये एक किलो इकडेतिकडे चालते. पन्नास किलोंवर ही चूक दोन टक्के. पण पाच किलोंवर तीच वीस टक्के. म्हणून नेहमीचा दाब तबकडीच्या मध्याजवळ येईल असेच गेज शहाणा माणूस निवडतो.

तापमानाची तऱ्हा वेगळी. प्लॅटिनमच्या तारेचा विद्युत्‌रोध शून्य अंशाला १०० ओहम असेल, तर शंभर अंशांना सुमारे १३८.५ होतो. जोडतारांचाच रोध एक ओहम भरला, तर अडीच अंशांचा खोटा ताप चढतो! तो वजा करण्यासाठी तिसरी तार जोडतात.

रोज नेमके दहा मिनिटे पुढे असणारे घड्याळ निभावून नेता येते. कधी पुढे, कधी मागे असणारे मात्र कुचकामी. गेज कोणत्या जातीचे आहे ते ठरावीक मुदतीने प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहावे लागते. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. मुंबईत चुनाभट्टीची 'इडेमी' ही १९६९ साली स्थापन झालेली संस्था हे काम करते.

भोपाळला २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी रसायनाच्या टाकीवरचा काटा दोन पौंडांवरून दहावर गेला. दोन्ही आकडे नेहमीच्या मर्यादेतले. शिवाय तेथील गेजे वारंवार बिघडत, त्यामुळे त्यांच्यावर कोणाचा भरवसाच उरला नव्हता. मध्यरात्रीनंतर काटा तीसवर दिसला आणि पाहता पाहता पंचावन्नला, म्हणजे तबकडीच्या शेवटाला, जाऊन टेकला. त्यापुढचे सांगायला तबकडीत जागाच नव्हती.

नियंत्रणकक्षापर्यंत दाबाचा निरोप पोचवणाऱ्या यंत्रांत हल्ली विजेचा प्रवाह ४ ते २० मिलिॲम्पियर ठेवतात. दाब शून्य असला तरी चार यायलाच हवेत. तेही आले नाहीत, तर दाब शून्य नसून तार तुटली आहे, हे पाळीवरचा माणूस ओळखतो.