पुंगळ्यांसोबत घरी येणारे शिसे

शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट असते. हे कळल्यावर पेन्सिल चघळणाऱ्या मुलाकडे आपण थोडे निर्धास्तपणे पाहतो. बंदुकीच्या काडतुसाचे नेमके उलटे आहे. तिथे शिसे आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त ठिकाणी असते. गोळी शिशाची, हे सगळ्यांना ठाऊक. पण काडतुसाच्या बुडाशी बसवलेल्या प्रायमर नावाच्या इवल्याशा टोपीतही बहुतेक वेळा लेड स्टिफनेट हे शिशाचे स्फोटक संयुग असते. चाप ओढला की पिन या टोपीवर आदळते, टोपीतला मसाला पेटतो, त्याने आतली दारू पेटते आणि गोळी निघते. गोळी पुढे जाते, पण प्रायमरचा धूर आणि गोळीच्या बुडापासून सुटलेले शिशाचे बारीक कण नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याजवळच रेंगाळतात. बरेचसे कण रिकाम्या पुंगळीच्या आत काजळीसारखे चिकटून बसतात.

या काजळीची गोष्ट पुढे अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये जाते. वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून त्या घरीच पुन्हा भरणे हा तिथे जुना आणि मोठा छंद आहे. पितळी पुंगळी हा काडतुसाचा महागडा भाग. ती पुन्हा पुन्हा वापरता आली तर पैसे वाचतात, शिवाय आपल्या रायफलला मानवेल असे काडतूस जुळवता येते. त्यासाठी लागणारी अवजारे दुकानात मिळतात: पुंगळी दाबून मूळ मापाला आणणारा प्रेस, त्यात बसणारे साचे, दारू तोलायचा काटा आणि पुंगळ्या चकचकीत करणारा टंबलर. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे हा छंद इथे रुजलेला नाही.)

आरोग्याच्या दृष्टीने या सगळ्यात टंबलरवर लक्ष ठेवायला हवे. हे एक थरथरणारे भांडे असते. त्यात अक्रोडाच्या कवचाचा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा घालायचा, वर पुंगळ्या टाकायच्या आणि काही तास यंत्र चालू ठेवायचे. पितळ सोन्यासारखे चमकते. पुंगळीतली काजळी मात्र नाहीशी होत नाही, ती भरड्यात उतरते. मग झाकण उघडले, चाळणीने पुंगळ्या वेगळ्या केल्या, भरडा झटकला की शिशाची बारीक धूळ उडते. ती टेबलावर, दारामागच्या जॅकेटवर आणि जमिनीवर बसते. अमेरिकी घरांत कपडे धुण्याचे यंत्रही अनेकदा गॅरेजमध्येच असते आणि मुलांच्या सायकलीही.

गंमत अशी की, हा छंद असणारी माणसे मोजमापाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर असतात. दारू ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, म्हणजे त्यांचा काटा साडेसहा मिलिग्रॅमचा फरक दाखवतो. आता रक्ताचा हिशेब पाहू. रक्तातले शिसे मोजतात ते डेसीलिटरमागे, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तामागे, मायक्रोग्रॅममध्ये. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. डेसीलिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही पातळी आजच्या वैद्यकशास्त्राला निश्चितच चिंतेची वाटते. या पातळीला सगळ्या रक्तात मिळून शिसे असते अवघे अर्धा मिलिग्रॅम. साखरेचा एक दाणा साधारण एवढ्याच वजनाचा. पॉइंट टू टू रायफलच्या नेहमीच्या गोळीत याच्या पाच हजार पटींहून जास्त शिसे असते. दारू तोलायच्या काट्यावर हा अर्धा मिलिग्रॅम ठेवला तर काटा हलणारही नाही.

त्याच दुकानात शेजारच्या कपाटात रायफलवर बसवायच्या दुर्बिणी असतात. तिथे विक्रेता पहिल्यांदा सांगतो ते डोळा आणि भिंग यांच्यातल्या अंतराबद्दल. जोरदार धक्का देणाऱ्या रायफलवर डोळा फार जवळ नेला तर दुर्बिणीची कड भुवईवर आदळते आणि चंद्रकोरीच्या आकाराची जखम होते. ती एकदा झाली की माणूस आयुष्यभर अंतर राखतो. शिशाच्या बाबतीत असा रोखठोक शिक्षक नाही. रक्त वाहत नाही, दुखत नाही. थकवा, डोकेदुखी, बद्धकोष्ठता, पोटात कळ, चिडचिड ही लक्षणे कशाचीही असू शकतात आणि बहुतेक वेळा ती कामाच्या ताणावर ढकलली जातात.

शरीरात गेल्यावर शिसे कॅल्शियमचे सोंग घेते. ज्या वाटांनी कॅल्शियम जाते त्याच वाटांनी ते शिरते आणि शेवटी हाडांत जाऊन बसते. रक्तातल्या शिशाचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण महिना लागतो, हाडांतल्या शिशाला मात्र दशके लागतात. प्रौढांच्या शरीरातले ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते. म्हणून नेमबाजी सोडून वर्षे झाली तरी हिशेब संपत नाही. गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम निघते, त्यासोबत हे जुने शिसेही रक्तात येते आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचते. प्रौढांत ते रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडाला त्रास देते, हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या विकरांचे काम अडवते. लहान मुलांत सर्वात मोठे नुकसान मेंदूचे होते. मुलांचे पोट गिळलेल्या शिशापैकी निम्म्यापर्यंत शोषून घेऊ शकते, प्रौढांचे साधारण दहावा भाग. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते. रक्तक्षय घरोघरी असलेल्या आपल्या देशात हे वाक्य दोनदा वाचण्यासारखे आहे.

हे नुसते भय नाही. रेंजवरच्या शिशाविषयी झालेल्या ३६ अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३१ अभ्यासांत काही नेमबाजांच्या रक्तात डेसीलिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले होते आणि १५ अभ्यासांत ४० पेक्षाही जास्त. अमेरिकेत कामगारांसाठीचा शिशाचा नियम १९७८ चा. लष्कराच्या रेंजवर काम करणाऱ्यांसाठी तो पुरेसा आहे का, हे तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात स्पष्ट सांगितले की, ४० पर्यंत चालेल असे मानणारा हा नियम पुरेसे संरक्षण देत नाही. कामगाराला निदान जुना का होईना, नियम आहे. घरच्या गॅरेजला तोही नाही.

कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकल्यावर आपल्याकडे अनेक पालक मुलांना रेंजवर घेऊन जाऊ लागले असतील, तर त्यांनी घाबरून मागे फिरू नये. मुले सुरुवात करतात ती १० मीटर एअर रायफलने. तिच्यात ना दारू ना प्रायमर, छरा दाबलेल्या हवेवर जातो. म्युनिकमधल्या नेमबाजांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एअरगन वापरणाऱ्यांचे आकडे तिरंदाजांच्या आसपास होते, पॉइंट टू टूवाल्यांचे त्याहून वर आणि मोठ्या बोअरच्या बंदुका वापरणाऱ्यांचे आणखी वर. मात्र छरा शिशाचाच असतो. तो ओठांत धरू नये आणि छरे हाताळलेल्या बोटांनी वडापाव खाऊ नये. पॉइंट टू टूची पुंगळी पुन्हा भरण्याजोगी नसते, त्यामुळे तिथे टंबलरचा प्रश्न येत नाही; पण तिची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते आणि बंदिस्त रेंज असेल तर हवा कुठून कुठे वाहते हे विचारायलाच हवे. ती नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे वाहायला हवी. घरगुती पंखा लावून भागत नाही, तो धूळ फिरवत राहतो.

तिकडे राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांपैकी कुणाला रेंजची किंवा पुंगळ्यांची आवड लागली असेल, तर त्यांना सांगण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. शिशाच्या जागी झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. साध्या व्हॅक्यूम क्लीनरने धूळ मागून बाहेर पडते, हेपा गाळणी असलेलाच हवा. कोरड्या भरड्याऐवजी पाणी वापरणारे टंबलर मिळतात. त्यात धूळ उडत नाही, पण ते काळपट पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतायचे नसते. साध्या साबणाने शिसे पूर्ण जात नाही, त्यासाठी खास साबण आणि पुसण्या मिळतात. रेंजवरचे कपडे आणि बूट वेगळे, ते धुवायचेही वेगळे. आणि गोळ्या ओतण्यासाठी शिसे वितळवणारे काही जण असतात, त्यांनी घरातली शेगडी आणि भांडी वापरू नयेत. शिसे ३२७ अंशांनाच वितळते म्हणून ते सोपे वाटते, पण वर साचणारी राखाडी मळी काढताना तिचा भुगा सगळीकडे जातो.

तपासणी एकच, रक्तातल्या शिशाची. नेहमीच्या हिमोग्लोबिन-साखरेच्या पॅकेजमध्ये ती नसते, डॉक्टरांना आपला छंद सांगून मागून घ्यावी लागते. रक्त हाताच्या शिरेतून काढलेले बरे. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात बोटावरची धूळ मिसळली तर आकडा उगाच फुगतो. आकडा खरोखर जास्त आला तर पहिला उपचार म्हणजे धूळ थांबवणे. शिसे बाहेर काढणारी औषधे असतात, पण त्यांचे स्वतःचे दुष्परिणाम आहेत आणि ती कधी द्यायची हे डॉक्टरच ठरवतात. शरीरशुद्धीच्या नावाखाली कुणी भस्म सुचवले तर आधी त्याचे नाव विचारावे. आयुर्वेदात शिशाला नाग म्हणतात आणि नागभस्म त्याचेच असते. दोन-तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचे आणि घरात लहान मूल असेल तर त्याचेही पहिल्याच फेरीत.