आधारपेशींचे विभाजन व वृद्धिघटक
मेंदूतील चेतातंतूंभोवती मायेलिनचे वेष्टन घालणाऱ्या आधारपेशी ज्या पूर्वपेशींपासून बनतात, त्या पांढऱ्या उंदराच्या नेत्रचेतेतून काढून एकट्या संवर्धिल्यास विभाजन थांबवून अकाली प्रौढ होतात. ॲस्ट्रोसाइट या दुसऱ्या आधारपेशींच्या सहवासात मात्र त्या विभागत राहतात. १९८८ मध्ये लंडन येथे रॅफ, नोबल आदी संशोधकांनी याचे कारण दाखविले : ॲस्ट्रोसाइट स्रवितात तो, रक्तबिंबिकांतही आढळणारा वृद्धिघटक. तथापि हा घटक विपुल असूनही काही पिढ्यांनंतर पेशी प्रौढ होतातच. जणू त्यांच्या ठायी घड्याळच आहे. १९९० मध्ये फायब्रोब्लास्ट-वृद्धिघटकाची जोड देताच ते घड्याळ बंद पडले! झिजलेले वेष्टन भरून काढण्यास पूर्वपेशींची संख्या व प्रौढता दोन्ही आवश्यक असतात. उलट, मेंदूच्या काही अर्बुदांत बिंबिकाजन्य घटकाचेच ग्राहक अतिरिक्त प्रमाणात आढळतात.